जोडलेला गेमपॅड गेमला का दिसत नाही

दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरहून भाचा राहायला येतो, तेव्हा आमच्या इंदिरानगरच्या घरातील संगणकाचा ताबा आठवडाभर त्याच्याकडेच असतो. या वर्षी कीबोर्डवर गाडी वळवण्याचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून धनत्रयोदशीच्या दिवशी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानातून आम्ही साडेपाचशे रुपयांचा गेमपॅड आणला. तो विंडोजवर चालतो असे खोक्यावर छापलेले होते आणि दुकानदारानेही, "नुसता लावायचा आणि खेळायचे," असा निर्वाळा दिला होता. घरी येऊन यूएसबी लावताच संगणकाने नेहमीचा आवाज केला, उपकरणांच्या यादीत 'जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक' असे नावही उमटले, पण शर्यतीच्या नव्या गेमने त्याची दखलच घेतली नाही. दहा मिनिटांत भाच्याचा निकाल तयार होता: "मामा, पॅड बिघडलेला आहे, परत देऊन या."

पॅड बिघडलेला नव्हता. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासण्याची एक जुनी, छोटी खिडकी आजही आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून 'जॉय डॉट सीपीएल' असे टाइप केले की ती उघडते. तिथे आमच्या पॅडचे प्रत्येक बटण दाबल्याबरोबर त्याच्या क्रमांकाचा लाल दिवा लागत होता आणि काठी फिरवली की अधिकचे चिन्हही चौकटीत मुकाट्याने फिरत होते. म्हणजे पॅडचे म्हणणे विंडोजपर्यंत पोहोचत होते आणि गेमपर्यंत पोहोचत नव्हते. त्याच संगणकावरच्या एका जुन्या गेममध्ये मात्र तो विनातक्रार चालला, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू झाला.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेल आणि पीएलसीची, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकांची, कामे करतो, त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटला. मॉडबसवर, म्हणजे यंत्रांच्या आपसात बोलण्याच्या पद्धतीवर, एखादा नवा ऊर्जामीटर जोडला, वायर नीट लावली, बोलण्याचा वेग (बॉड रेट) जुळवला, तरी कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या कप्प्यात, व्होल्टेज आहे आणि कोणत्या रजिस्टरमध्ये करंट, याचा तक्ता हाताशी नसेल तर पडद्यावर आकडे येत राहतात आणि त्यांचा अर्थ लागत नाही. साध्या यूएसबी गेमपॅडचेही असेच असते. तो एचआयडी नावाच्या सर्वसाधारण पद्धतीने संगणकाला आपली ओळख सांगतो. त्या ओळखीत माझ्याकडे १२ बटणे आहेत, ४ अक्ष (काठ्यांच्या आडव्या-उभ्या हालचालीच्या दिशा) आहेत, एक दिशादर्शक कळ आहे, एवढेच असते. त्या बारांपैकी गाडीचा ब्रेक कोणता मानायचा, किंवा उजवी काठी कोणत्या अक्षावर बसवली आहे, हे त्यातून ठरत नाही.

नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने डायरेक्टइनपुट ही गेमने पॅड वाचण्याची पद्धत आणली तेव्हा हा मोकळेपणा मुद्दाम ठेवलेला होता. विमानाची काठी, गाडीचे चाक, पायाखालची पॅडल, जे काही जोडाल ते एकाच साच्यात बसावे म्हणून त्यात ८ अक्ष आणि १२८ बटणांपर्यंत सोय होती. अर्थ लावण्याचे काम गेमकडे आणि गेमकडून खेळणाऱ्याकडे सोपवलेले असे. म्हणूनच जुन्या गेममध्ये 'उडी मारण्यासाठी हवे ते बटण दाबा' असे विचारणारे लांबलचक पान हमखास सापडते. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम खेळण्याचा संच आला आणि त्याच्यासोबत एक्सइनपुट नावाची दुसरी पद्धत आली. तिने सगळा तक्ता आधीच ठरवून टाकला: दोन काठ्या, मागचे दोन ट्रिगर, दिशादर्शक कळ, ए, बी, एक्स, वाय आणि इतर मोजकी बटणे, थरथरण्यासाठी दोन मोटारी आणि एका वेळी फार तर ४ पॅड. चाके आणि विमानाच्या काठ्या यांची यात पंचाईत झाली, पण गेम लिहिणाऱ्यांना खेळणाऱ्याला काहीच विचारावे लागेना. साहजिकच पुढचे अनेक गेम फक्त एक्सइनपुटकडेच कान देऊ लागले, आणि केवळ डायरेक्टइनपुट बोलणारा आमचा साडेपाचशे रुपयांचा पॅड त्यांच्या लेखी अस्तित्वातच उरला नाही.

शर्यतीच्या गेमपुरता या बदलाचा एक बारकावा सांगण्याजोगा आहे. एक्सबॉक्सचा पॅड जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीने वाचला, तर त्याचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात. एक दाबला की आकडा एका बाजूला सरकतो, दुसरा दाबला की उलट बाजूला, आणि दोन्ही एकदम दाबले की आकडा पुन्हा मध्यावर येतो. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबून वळण घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना जुन्या गेममध्ये काहीच न दाबल्यासारखी गाडी का वागते, याचे कारण बहुधा हेच असते.

आता उपायांकडे वळतो. बाजारातल्या बऱ्याच पॅडमध्ये दोन्ही पद्धती असतात आणि त्यांची अदलाबदल करता येते. लॉजिटेक एफ३१० च्या मागे यासाठी एक्स आणि डी असे लिहिलेला चक्क एक सरकता स्विच आहे, तर काही पॅडवर मधले बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. आमच्या पॅडवर 'ॲनालॉग' असे लिहिलेले बटण होते आणि ते दाबल्यावर दिवाही लागत होता, म्हणून मी अर्धा तास त्याच्याच मागे लागलो. ते बटण फक्त डाव्या काठीला दिशादर्शक कळीचे काम देत होते. पद्धतीशी त्याचा काही संबंध नव्हता. शेवटी काम झाले ते स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या प्रोग्रॅममुळे. २०१५ मध्ये स्वतःचा कंट्रोलर बाजारात आणताना स्टीमच्या कंपनीने जी मधली व्यवस्था तयार केली, ती पुढे इतर पॅडसाठीही खुली झाली. तिच्यात प्रत्येक बटणाची ओळख एकदा करून दिली की गेमसमोर जणू एक्सबॉक्सचाच पॅड उभा केला जातो. स्टीमवर न घेतलेला गेमही त्याच्या यादीत बाहेरून जोडता येतो आणि तिथून सुरू केल्यास त्यालाही बहुतेक वेळा हा लाभ मिळतो. गेमच्या पानावर कंट्रोलरचा पाठिंबा पूर्ण आहे की अंशतः, हे लिहिलेले असते. 'अंशतः' असेल तर नाव टाइप करायला किंवा सुरुवातीच्या खिडकीपुरता माऊस लागणार, हे गृहीत धरावे.

सोनीचा पॅड असेल तर गोष्ट आणखी निराळी होते. शेजारच्या मुलाने आपला प्लेस्टेशन ४ चा पॅड आणून लावला, तेव्हा एका गेममधला कॅमेरा हात न लावता आभाळाकडे बघू लागला. या पॅडची उजवी काठी झेड आणि आरझेड या अक्षांवर असते, तर ट्रिगर आरएक्स आणि आरवाय या अक्षांवर असतात. एक्सबॉक्सच्या पॅडची उजवी काठी मात्र डायरेक्टइनपुटमध्ये आरएक्स आणि आरवायवर दिसते. गेमने दुसरा तक्ता गृहीत धरून पहिला पॅड वाचला, आणि न दाबलेले ट्रिगर टोकाच्या आकड्यावर स्थिर असल्यामुळे गेमला वाटले की कोणीतरी उजवी काठी कोपऱ्यात रेटून धरली आहे. त्यावर त्या मुलाने डीएस४विंडोज हा प्रोग्रॅम चालू केला आणि कॅमेरा शांत झाला, पण मेन्यू एका दाबात दोन घरे पुढे जाऊ लागला. हा प्रोग्रॅम एक्सबॉक्सचा आभासी पॅड तयार करतो, आणि मूळ पॅडही गेमला दिसत राहिला तर एकच बोट दोनदा मोजले जाते. मूळ पॅड गेमपासून लपवला, किंवा स्टीम आणि हा प्रोग्रॅम यांपैकी एकच चालू ठेवला, की हे थांबते. माझ्या मते निम्म्या तक्रारी अशा एकावर एक चढवलेल्या उपायांतूनच जन्माला येतात.

जाता जाता केबलविषयीही सांगायला हवे. फोनसोबत पडून राहिलेल्या काही केबलींत केवळ चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. पॅडचा दिवा लागतो आणि संगणकाला काहीच कळत नाही. इतर काही तपासण्याआधी केबल बदलून पाहावी.

स्वस्त पॅडची काठी सोडल्यावर नेमकी मध्यावर येत नाही, हा दोषही पुष्कळदा विसंगतीच्या खात्यावर टाकला जातो. एक्सइनपुटमध्ये काठीचा आकडा मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ३२,७६७ पर्यंत जातो आणि डाव्या काठीसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेला मृत पट्टा (डेडझोन) ७,८४९ आहे, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश हालचाल दुर्लक्षित करण्याची सूचना निर्मात्यांनीच केलेली आहे. हा पट्टा किती ठेवायचा हे गेमगणिक बदलते, त्यामुळे तोच पॅड एका गेममध्ये सरळ चालतो आणि दुसऱ्यात गाडी सारखी डावीकडे ओढतो. सेटिंगमध्ये डेडझोन थोडा वाढवला की आमची गाडी रस्त्यावर आली.

एवढे सगळे जमल्यावर एकच अडचण उरली. गेम पडद्यावर 'ए दाबा' असे सांगत होता आणि आमच्या पॅडवर १, २, ३, ४ असे आकडे होते. गेमचा ए म्हणजे खालचे बटण, आणि आमच्याकडे खाली ३ होता. मी कारखान्यातून वायरींना क्रमांक देण्याची लेबले आणली होती, त्यांवर ए, बी, एक्स, वाय अशी अक्षरे लिहून ती नीट मापात कापून बटणांवर चिकटवली. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी पाहिले तर भाच्याने चारही लेबले काढून टेबलाच्या कडेला ओळीने लावली होती. बोटाखाली ती चिकट लागतात, असे त्याचे म्हणणे होते, आणि कोणते बटण कुठे आहे हे त्याला केव्हाच पाठ झाले होते.