पावणे तीन

२०१४ सालची गोष्ट. ऐरोलीतल्या एका दवाखान्यात आमचं बोली भाषांतराचं यंत्र पहिल्यांदाच खऱ्या पेशंटसमोर ठेवलं होतं. मराठीत बोललं की पलीकडे इंग्रजीत ऐकू यायचं. पलीकडे केरळच्या सिस्टर, अलीकडे घणसोलीच्या मावशी. मावशी मूळच्या साताऱ्याच्या, मुलगा वाशी मार्केटला माथाडी.

यंत्र 'मोझेस' नावाच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. मराठी-इंग्रजी वाक्यांच्या जोड्या पुरवायच्या, कुठल्या शब्दांना काय म्हणतात ते त्याने मोजून शिकायचं. पण जोड्या सगळ्या छापील मजकुरातल्या. छापताना आपण २७५ लिहितो, 'पावणेतीनशे' फक्त तोंडी म्हणतो. म्हणून ते 'पावणे' गाळून शुगर थेट तीनशे सांगायचं. पाऊणशे, सव्वाशे, अडीचशे, सगळीकडे तीच रड. शेवटी आदल्या आठवड्यात मी अशा आकड्यांचे नियम लिहिले आणि ते सक्तीचे केले: नियम लागला की दुसरा अर्थ बघायचाच नाही. त्या कामाचा मला अभिमान होता.

सिस्टरांनी विचारलं, काल गोळी घेतली का?

मावशी म्हणाल्या, "न्हाय ओ. घरी पावणं तीन आलं, त्येंचं करता करता ऱ्हायली."

आवाज ओळखणाऱ्या भागाला 'पाहुणे' ठाऊक होते, 'पावणं' नव्हतं. त्याने 'पावणे तीन' लिहिलं. पुढे माझा नियम टपून बसलेलाच. सिस्टरांना ऐकू आलं, घरी २.७५ आले. त्यांना वाटलं मावशी घरी मोजलेली शुगर सांगताहेत, आणि त्यांनी केसपेपरवर २७५ लिहिलं. गोळी चुकल्याचं त्या गोंधळात कुठेच आलं नाही.

मी उठून सांगितलं. सिस्टरांनी आकडा खोडला, शुगर पुन्हा तपासली. मी तिथे बसलेलो नसतो तर? महाप्याला परत जाताना हेच डोक्यात होतं.

बोलण्याचं भाषांतर करणाऱ्या जर्मनीच्या व्हर्बमोबिल प्रकल्पात (१९९३ ते २०००) वेगवेगळ्या पद्धतींची भाषांतरं शेजारी शेजारी तयार करून त्यांतून निवड करत, हे मी वाचलेलं होतं. तरी माझ्या नियमाला मी प्रतिस्पर्धीच ठेवला नव्हता. मोझेसमध्ये बाहेरून दिलेला अर्थ 'एक्सक्लुझिव्ह' ठेवता येतो किंवा 'इन्क्लुझिव्ह'. पहिल्यात तोच खरा, दुसऱ्यात तो इतर अर्थांच्या रांगेत उभा राहतो. मी दुसरा निवडला. आणखी एक नियम घातला: 'पावणे' म्हणजे 'पाहुणे'ही असू शकतात. दोन्ही अर्थ पुढे करायचे, इंग्रजीत कुठलं वाक्य जास्त वेळा भेटतं ते आकडेवारीने बघायचं. पावणेतीनशेचं गणित आकडेवारीला येणार नव्हतं, आणि घरी २.७५ जण येत नाहीत हे माझ्या नियमाला कळणार नव्हतं.

रात्री साडेनऊला मावशींचं वाक्य पुन्हा चालवलं. 'थ्री गेस्ट्स' आले. लगेच 'शुगर पावणेतीनशे' म्हणून पाहिलं. २७५. मग दिवसभराची सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकायला घेतली.