पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर उभी असलेली माणसं

आम्ही तिघं हॉस्टेलपासूनचे दोस्त आणि तेव्हापासून एकमेकांना गावावरूनच हाका मारतो, नगरकर, वसईकर आणि मी बीडकर. नगरकर प्रोटेस्टंट, पणजोबांच्या काळापासून मिशनच्या चर्चमधला. वसईकर कॅथलिक. मी दोन्हीतला नाही, आमच्या घरी हरिपाठ. महिन्यातून एकदा नगरकरच्या घरी जमतो, चहा, भडंग आणि निघेल तो विषय. मागच्या महिन्यात वसईकर आली ती चपला काढता काढताच म्हणाली, आज मला बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय 20 वाचायचाय आणि तुम्ही दोघांनी नीट ऐकायचंय.

तिनं बॅगेतून सुबोध बायबल काढलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. तिच्याच वसईचे फादर, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2024 च्या जुलैत गेले. तिच्या प्रतीच्या पानांत कुठे मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा कागद, कुठे एसटीचं तिकीट. आणि वाचायला लागली.

गोष्ट अशी. एक द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर शोधायला जातो, दिवसाचा एक दिनार ठरवतो, म्हणजे तेव्हाचा एका माणसाचा एका दिवसाचा रोज, आणि त्यांना मळ्यात लावतो. मग नऊला परत जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणखी माणसं आणतो. शेवटी पाच वाजता, काम संपायला एकच तास उरलेला असताना, परत जातो तर तिथे अजून काही जण उभेच. त्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही. तो म्हणतो, चला, तुम्हीपण जा मळ्यात. संध्याकाळी मुकादमाला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून सुरू कर आणि सगळ्यांची मजुरी चुकती कर. पाचवाल्यांच्या हातात पूर्ण दिनार. मग सकाळवाल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळणार, पण त्यांनाही एकच. ते चिडतात, दिवसभर उन्हात आम्ही राबलो आणि एका तासवाले आमच्या बरोबरीचे?

नगरकर लगेच म्हणाला, बरोबरच चिडले की. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सहा माणसं कामाला. त्याचं म्हणणं साधं होतं की मी एकदा जरी असा पगार केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला मी एकटाच असेन, सगळे पाच वाजता येतील. आणि जो माणूस खरंच उन्हात वाकून काम करतो त्याच्या घामाची काही किंमत आहे का नाही? मला हे पटत होतं, अजूनही थोडं पटतं. चर्चमध्ये हा भाग ऐकवला की लोक पटकन सकाळवाल्यांना हावरट ठरवून मोकळे होतात, ते चूक आहे. दिवसभर घमेली उचललेल्या माणसाला हावरट म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही.

नगरकरनं लहानपणी संडे स्कूलला ऐकलेला अर्थ सांगितला, की हे मजुरीबद्दल नाहीच, हे देवाच्या कृपेबद्दल आहे. कुणी जन्मापासून विश्वासात असतो, कुणी म्हातारपणी येतो, तारण दोघांना सारखंच. आणि त्याला आधार पण आहे, कारण बरोबर याच्या आधी 19 व्या अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? म्हणजे ही गोष्ट पहिल्या दिवसापासून बरोबर असलेल्यांना सांगितलीय.

वसईकर म्हणाली, हो रे, हे सगळं मी दर तीन वर्षांनी ऐकते, आमच्याकडे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि हा भाग सप्टेंबरच्या आसपास येतो. पण मला ते एकच वाक्य सोडत नाहीये. आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही.

आणि मग ती बोलायला लागली. ती सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास आहे, पीएचडी आहे, आणि 14 वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी, आणि नवीन वर्षाला परत अर्ज, परत मुलाखत. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर परमनंट मॅडम बसतात, तोच सिलॅबस, तीच मुलं, तेच पेपर तपासायचे गठ्ठे. कुणी नातेवाईक भेटले की विचारतात, अगं अजून नाही का झालीस परमनंट? म्हणजे बघा, मालकानं पाचवाल्यांना विचारलं तोच प्रश्न, रिकामी का उभी. ती म्हणाली, मी उभी नव्हते रे, मी चौदा वर्षं तयार होते, मला कुणी लावलं नाही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. नगरकरनं उठून परत चहा ठेवला.

मला माझे वडील, अण्णा आठवत होते. आम्ही पाटोद्याकडून पुण्यात आलो तेव्हा मी तिसरीत होतो आणि अण्णा मजूर अड्ड्यावर उभे राहायचे. सकाळी सातला चौकात शंभरेक माणसं, गवंडी थापी घेऊन, पेंटर बांबूला बांधलेला ब्रश घेऊन, आणि बिगारी नुसते हात घेऊन. ठेकेदाराची गाडी थांबली की सगळे तिकडे पळणार, दोन बिगारी पाहिजेत, किती घेणार, चल बस. साडेदहापर्यंत गर्दी पांगते, अकराला जे उरतात त्यांना कळलेलं असतं. पण अण्णा अकराला घरी यायचे नाहीत. संध्याकाळीच यायचे. मला वाटायचं कामावर होते. आई मात्र डबा हातात घेतला की वजनावरूनच ओळखायची. डब्यात सकाळची भाकरी तशीच असायची, कडा वाळलेल्या, चटणी एका बाजूला सरकलेली. आई काही विचारायची नाही, ती भाकरी कुस्करून परत तव्यावर टाकायची. खूप नंतर कळलं की ते दिवसभर अड्ड्याशेजारी पारावर बसून राहायचे, दुपारनंतर एखादी गाडी आली तर अर्धा रोज तरी मिळेल म्हणून.

हे मी त्यांना सांगितलं. म्हटलं, वसईकर, पाच वाजता उभा राहिलेला माणूस आळशी नसतो, आळशी असता तर अकरालाच घरी गेला असता.

मग गप्पांची गाडी कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं की याच गोष्टीतल्या शब्दांवरून इंग्रज लेखक रस्किननं आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं, अंटू धिस लास्ट. 1904 मध्ये गांधीजींना ते त्यांचे मित्र पोलाक यांनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या स्टेशनवर दिलं, डर्बनला जाताना ट्रेनमध्ये त्यांनी वाचून काढलं आणि त्यातून डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली, तिथं छापखान्यातल्या माणसांना सारखंच वेतन ठरवलं, महिना तीन पौंड. नंतर 1908 मध्ये त्याचा सार गुजरातीत लिहिला त्याचं नाव सर्वोदय. म्हणजे विनोबांमुळे आपल्याकडे घराघरात पोचलेला शब्द या मळ्यातून आलाय. नगरकर चर्चमध्ये वाढलेला, त्याला हे माहीत नव्हतं, तो खूश झाला.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. 1972 च्या दुष्काळात माझे आजोबा सरकारी कामावर खडी फोडायला होते, तिथं सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं मिळायचं. त्याच काळात वि. स. पागेंची रोजगार हमी योजना राज्यभर पोचली आणि पुढे 1977 मध्ये कायदा झाला, की काम मागणाऱ्याला काम द्यायचं, आणि 15 दिवसांत देता आलं नाही तर बेकारी भत्ता. अंमलबजावणीत काय झालं ते वेगळं, हजेरीपटाचे घोळ सगळ्यांना माहितीयेत. पण कायद्यात जे लिहिलं ते मला मत्तयच्या फार जवळचं वाटतं. काम नसणं हा त्या माणसाचा गुन्हा नाही, हे त्यात कबूल केलंय.

नगरकर अजून अडलेला होता. म्हणाला, ठीक आहे, द्या पूर्ण रोज, पण शेवटच्यांपासून का सुरू केलं? सकाळवाल्यांना आधी देऊन घरी पाठवलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, भांडण झालंच नसतं. हा प्रश्न मला फार आवडला. वसईकर म्हणाली, त्यांना कळावं म्हणूनच तर, कारण मालक त्यांच्याशी बोलतोय बघ, चिडलेल्याला तो मित्रा म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द मत्तयमध्ये तीनच ठिकाणी येतो म्हणे, आणि त्यातलं एक म्हणजे येशूचाच शिष्य यहूदा त्याला धरून द्यायला येतो तेव्हा येशू यहूदाला म्हणतो ते. तेव्हा सोपं घेऊ नका. नगरकर म्हणाला, मित्रा म्हटल्यानं पाठीचं दुखणं थांबत नाही. यावर आमचं एकमत झालं नाही आणि साडेनऊ वाजले.

माझं मत मी इथे लिहितो. मला वाटतं ती मजुरी कामावरून नाही, चुलीवरून ठरवली होती. एक दिनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं जेवण, आणि भूक तासावर कमीजास्त होत नाही. पाचवाल्याला दिनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशोब चोख झाला असता आणि पोरं उपाशी झोपली असती. सकाळवाल्यांचं काही कमी केलं नाही, ठरलं तेवढं दिलं. आणि एक राहिलंच, त्या मालकाकडे मुकादम होता, तरी माणसं बघायला तो स्वतः गेला, दिवसात पाच वेळा. जो स्वतः जाऊन बघतो त्यालाच कळतं की कोण अजून उभं आहे.

रात्री अण्णांना फोन केला. ते आता गावी असतात. सगळी गोष्ट सांगितली, येशूची आहे हेही सांगितलं. त्यांनी मधे काही विचारलं नाही, हं हं करत राहिले. संपल्यावर म्हणाले, "ती पाचवाली म्हातारी असत्याल बघ. सकाळी तरणी पोरं उचलत्यात." मी म्हटलं, असेल अण्णा, तसं लिहिलेलं नाही. मग थोडं थांबून विचारलं, "आन दुसऱ्या दिशी? दुसऱ्या दिशी नेलं का त्यास्नी?"

मी फोन चालू ठेवून मोबाईलवरच तो अध्याय परत उघडला. सोळाव्या वचनाला गोष्ट संपते. सतराव्यात येशू यरुशलेमच्या वाटेला लागलेला असतो.