वजिरांचा धोटा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या अण्णांचं सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ते शहसुद्धा ओरडून देतात. रविवारी त्यांच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचा, मध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि मी हरायचं, असा आमचा परिपाठ.

परवा मी त्यांना बर्लिन बचाव या काळ्याच्या सुरुवातीतला एक डाव मांडून दाखवला. बड्या खेळाडूंना अर्धा गुण घेऊन लवकर घरी जायचं असलं की हा हमखास उपयोगी पडतो. राजापुढची प्यादी, घोडे, पांढऱ्याचा उंट, मग काळ्याचा दुसरा घोडा. भराभर मारामारी होते आणि १० चालींत दोन्ही वजीर समोरासमोर. पांढरा वजीर शह देतो, काळा आड येतो. पांढरा मागे, काळाही मागे. पुन्हा शह, पुन्हा आड, पुन्हा दोघं मागे. १४ चाली झाल्या, तीच मांडणी तिसऱ्यांदा आली. बरोबरी!

अण्णा पटाकडे बघत राहिले. "काय बे हे? माझा मागावरचा धोटा पण दिवसभर असाच इकडून तिकडे पळायचा. पण संध्याकाळी चादर तरी निघायची."

यावर काय बोलणार? असल्या डावांचा मलाही रागच येतो. तरी बर्लिनची बाजू घ्यायची म्हणून २००० सालचा लंडनचा सामना सांगितला. कास्पारोव १९८५पासून जगज्जेता. समोर क्रामनिक, काळी मोहरी आणि हाच बचाव. आठव्या चालीलाच वजीर पटाबाहेर, काळ्याच्या राजाला हत्तीआड लपायचा किल्लेकोट नाही, घर उघडं. तरी चार डावांत कास्पारोवला ती भिंत फुटली नाही, चारही बरोबरीत. सामना क्रामनिकने ८.५-६.५ असा घेतला. १५ डावांत कास्पारोवचा विजय एकही नाही.

"मग ही बरोबरी वेगळी," अण्णा म्हणाले. "वजीर आधीच गेले की. आता धागा तुटला तर हातानं जोडत बसा."

नंतर आमचा डाव झाला. एक हत्ती गमावून मी जेरीस आलो होतो, तेवढ्यात त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला. माझ्या वजिराचा इकडून शह, तिकडून शह. अण्णांनी राजा बराच हलवून पाहिला, मग चष्मा काढून पुसला.

"बरोबरी, अण्णा."

"हां. पण हत्ती माझा जास्त होता, ते लिहून ठेव."