स्कॉटलंड पुन्हा सार्वमत का घेत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

स्वतःची संसद आहे, स्वातंत्र्य मागणारा पक्ष 2007मध्ये राजधानी एडिंबरात सत्तेवर आला, मग 2014च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात एकदा हरल्यावर पुन्हा ते घ्यायला अडचण कसली? हा प्रश्न वारंवार येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक समजूत असते, की स्कॉटलंड इंग्लंडने जिंकलेला मुलूख आहे. आधी ती बाजूला करू.

1603 साली एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक, पण संसदा दोन. मधे क्रॉमवेल या इंग्लिश सेनानीच्या फौजेने काही वर्षं स्कॉटलंड ताब्यात ठेवला, मात्र आजचं एकत्र राज्य त्यातून आलेलं नाही. ते आलं 1707च्या तहातून, ज्याने दोन्ही राज्यं आणि दोन्ही संसदा एक केल्या.

तह राजीखुशीचा होता असंही म्हणवत नाही. पनामाच्या दारिएन किनाऱ्यावर वसाहत करण्यासाठी स्कॉटिश लोकांनी 1696मध्ये 4 लाख पौंडांचं भांडवल नोंदवलं होतं. रोगराई, उपासमार आणि स्पॅनिश वेढ्याने 1700पर्यंत ती वसाहत बुडाली. 1705मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला, की एकत्र येण्याची बोलणी सुरू करा, नाहीतर स्कॉट लोकांना परके ठरवू आणि तुमची गुरं, कोळसा, तागाचं कापड घेणं बंद करू. तहाच्या 25 कलमांपैकी पंधराव्याने स्कॉटलंडला 3,98,085 पौंड 10 शिलिंग मिळाले. इंग्लंडच्या कर्जाचा वाटा उचलण्याची ती भरपाई होती आणि त्यातूनच दारिएनच्या भागधारकांचे पैसे फेडले गेले. एकत्र संसदेच्या कॉमन्स या निवडून आलेल्या सभागृहात इंग्लंड-वेल्सचे सदस्य 513, स्कॉटलंडचे 45. कायदा, न्यायालयं आणि चर्च मात्र स्वतंत्र राहिली, आणि मला वाटतं राष्ट्र म्हणून स्कॉटलंड टिकला तो त्यामुळेच. तहातून बाहेर कसं पडायचं, याचं कलम त्यात नाही.

संसद परत यायला 292 वर्षं लागली. 1979च्या सार्वमतात 51.6 टक्के लोकांनी विधानसभेला होकार दिला, तरी ती मिळाली नाही. नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार हवा, अशी अट कायद्यात घातलेली होती आणि होकार भरला 32.9 टक्के. म्हणजे घरी बसलेला प्रत्येक माणूस विरोधात धरला गेला. 1997मध्ये ती अट नव्हती. 74.3 टक्के होकार आला आणि 1999मध्ये संसद बसली.

आता मूळ प्रश्न. आपल्या राज्यघटनेत केंद्राची आणि राज्यांची सूची वेगवेगळी आहे, आणि उरलेलं सगळं केंद्राचं. 1998च्या स्कॉटलंड कायद्यात उलट आहे. वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेने, राखून ठेवलेल्या विषयांची तेवढी यादी पाचव्या परिशिष्टात दिलेली आहे, बाकी सगळं एडिंबराचं. त्या राखीव यादीत सुरुवातीलाच एक नोंद आहे : स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांची एकी. सगळं घोडं तिथेच अडतं.

2014मध्ये वाट निघाली ती याच कायद्याच्या कलम 30मुळे. या कलमाखाली हुकूम काढून राखीव यादीत बदल करता येतो. पण हुकुमाच्या मसुद्याला वेस्टमिन्स्टरची दोन्ही सभागृहं आणि स्कॉटिश संसद अशी तिघांची मंजुरी लागते, मग राजाची. 2011मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीने 129पैकी 69 जागा जिंकल्या, ऑक्टोबर 2012मध्ये लंडनशी करार झाला आणि हुकूम निघाला. त्यात अटी होत्या : मतदान 2014 संपायच्या आत, मतपत्रिका एकच, पर्याय दोनच. प्रश्नाचा मसुदा ‘तुम्ही सहमत आहात का’ असा सुरू होत होता. त्याने मतदार होकाराकडे झुकतो, असं निवडणूक आयोगाने सांगितल्यावर सरळ ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढंच ठेवलं. 16 वर्षांच्या मुलांनाही मत होतं. 84.6 टक्के मतदान झालं आणि 55.3 टक्क्यांनी नकार दिला.

मग 2016मध्ये ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचं, सार्वमत आलं. स्कॉटलंडच्या 62 टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं होतं, तरी बाहेर पडावं लागलं. पुन्हा हुकूम मागितला, तो लंडनने नाकारला. तेव्हा एडिंबराने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे युक्तिवाद नेला, की सार्वमत नुसतं लोकांचं मत अजमावतं, त्याने एकी आपोआप मोडत नाही, म्हणून ते राखीव विषयात येत नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला. विधेयकाचा परिणाम केवळ कायद्यापुरता नव्हे, प्रत्यक्षातही पाहायचा असतो, आणि असं मतदान एकीच्या मुळाशीच जातं, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या भाषेत ते पटतं.

खटकते ती दुसरी गोष्ट. त्याच 1998 साली झालेल्या उत्तर आयर्लंड कायद्यात वाट लिहून दिली आहे : बहुमत आयर्लंडशी जोडलं जाण्याच्या बाजूने झुकेल असं दिसलं, तर लंडनच्या मंत्र्याने मतदान घेतलंच पाहिजे, आणि दोन मतदानांत किमान 7 वर्षांचं अंतर हवं. स्कॉटलंडसाठी असं एक वाक्यही कुठे नाही. किती जागा जिंकल्या, किती वर्षं थांबलं, म्हणजे पुन्हा विचारता येईल, हे लंडनच्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर आहे.