आत्याच्या ओव्या आणि कुकरची शिट्टी

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांविषयी वाचल्यापासून आपल्या घरातल्या ओव्याही नीट जतन केल्या पाहिजेत, हे माझ्या मनाने घेतले होते. गेल्या मे महिन्यात लालबागच्या चाळीतल्या खोलीत मी आत्याला माइकसमोर बसवले. पंखा बंद करून पाहिला, पण दहा मिनिटांत ती घामाने निथळली, म्हणून तो मंद गतीवर सुरू ठेवावाच लागला. ४२ मिनिटे १७ सेकंदांचे सलग ध्वनिमुद्रण झाले. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदी, म्हणजे सॅम्पल), २४ बिट (प्रत्येक नोंदीचा बारकावा), एकच चॅनल. फाइल सुमारे ३६५ एमबीची.

घरी येऊन मी रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रोजेक्ट उघडला, त्या सलग फाइलचे ३१ तुकडे केले, त्यांचा क्रम लावला आणि खाली तानपुरा ठेवला. सातव्या ओवीची दुसरी ओळ शेवटी पुन्हा यावी असे वाटल्याने तो तुकडा दोन ठिकाणी वापरला. मग लक्षात आले की नेमक्या त्याच ओळीवर शेजारच्या कुकरची शिट्टी आली आहे. पंख्याची घरघर तर सगळीकडेच होती. दोष मूळ फाइलमध्येच होता, तेव्हा एकदा मूळ फाइल साफ केली की सगळे तुकडे आपोआप साफ होतील, असा माझा विचार होता. तो चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता.

मी प्रोजेक्ट बंद केला, मूळ फाइल ऑडॅसिटी या दुसऱ्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये उघडली, घरघर कमी केली आणि जाता जाता सुरुवातीची अकरा सेकंदांची बोलाचालीही कापून टाकली. फाइल त्याच नावाने, त्याच जागी निर्यात केली. प्रोजेक्ट पुन्हा उघडून वाजवला, तेव्हा पहिल्या ओवीचे सुरुवातीचे शब्द गायब होते आणि चौथ्या ओवीच्या शेवटी आत्या पाणी मागत होती.

कारण समजायला मला सबंध संध्याकाळ लागली. प्रोजेक्टमधल्या तुकड्यात आवाज नसतोच. अमुक फाइल, तिच्या सुरुवातीपासून इतक्या अंतरावरून, इतका वेळ वाजवायची, एवढीच नोंद त्यात असते. म्हणूनच तुकडे कितीही कापले, ओढले, आखडले तरी मूळ ध्वनिमुद्रणाला धक्का लागत नाही. पण फाइलच्या आरंभी अकरा सेकंद कमी झाले की ती सगळी अंतरे चुकतात आणि प्रत्येक तुकडा मूळच्या जागेपेक्षा अकरा सेकंद पुढचे वाजवू लागतो. रीपरमध्ये अनडू करण्याचाही काही उपयोग नव्हता, कारण फाइलमधला बदल रीपरने केलेलाच नव्हता. त्यातच फोल्डरमध्ये फाइलचा आकार पाहिला, तर ३६५ एमबीच्या जागी सुमारे २४२. निर्यात करताना २४ बिट निवडायचे माझ्याकडून राहून गेले होते आणि फाइल १६ बिटची झाली होती.

सुदैवाने रेकॉर्डरच्या कार्डावर मूळ फाइल अजून होती. ते कार्ड मी दुसऱ्याच दिवशी एका कार्यक्रमासाठी पुसणार होते, हे आठवले की आजही पोटात गोळा येतो. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली, ती फक्त वाचता येईल अशी करून टाकली, आणि मगच कामाला पुन्हा हात घातला.

रीपरमध्ये तुकड्यावर उजवी क्लिक केली की तो बाहेरच्या संपादन प्रोग्रॅममध्ये उघडण्याचे दोन पर्याय मिळतात: मूळ फाइल उघडणे किंवा तिची प्रत उघडणे. एखाद्याच तुकड्यातला दोष काढायचा असेल तर प्रतच उघडावी, कारण तेव्हा बदल त्या तुकड्यापुरता राहतो. माझ्या बाबतीत मात्र ३१ तुकडे एकाच फाइलवर उभे होते, म्हणून साफ केलेली फाइल मूळ फाइलच्या नावाने तिच्या जागी ठेवणेच सोयीचे होते. यावेळी काहीही कापले नाही. नको असलेला भाग तेवढ्याच लांबीच्या शांततेने भरला, आणि निर्यातीनंतर दोन्ही फाइलींची लांबी मिनिटे-सेकंदांत न पाहता सॅम्पलच्या आकड्यात ताडून पाहिली. आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले. काम चालू असताना प्रोजेक्ट उघडाच ठेवायचा असेल तर रीपरच्या पसंतींमध्ये मीडियाखाली एक सोय आहे: आपण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलो की रीपर फाइली सोडून देतो, त्यामुळे त्यावर जतन करताना अडथळा येत नाही. परतल्यावर लहरींचे चित्र जुनेच दिसत असेल तर ते नव्याने तयार करून घ्यावे.

पंख्यासाठी ओव्यांमधल्या एका शांत जागेचा नमुना घेतला आणि आवाज बेताचाच कमी केला. जास्त केला की स्वर पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. शिट्टीसाठी स्पेक्ट्रोग्रामकडे, म्हणजे कोणत्या क्षणी किती उंचीचे स्वर आहेत हे दाखवणाऱ्या चित्राकडे, वळावे लागले. तिथे आत्याचा लांबवलेला स्वर एकावर एक रचलेल्या, किंचित थरथरणाऱ्या पट्ट्यांसारखा दिसत होता आणि शिट्टी त्यांच्या वर सरळ, जाड रेघेसारखी. फक्त तेवढी रेघ निवडून पुसली. त्याच उत्साहात वरच्या भागात अधूनमधून उमटणाऱ्या बारीक उभ्या रेषाही पुसत गेले. मला तो खडखडाट वाटला.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन लालबागला गेले. आत्याने हेडफोन लावून सातवी ओवी दोनदा ऐकली.

“गळा बरा लागलाय गं,” ती म्हणाली. “पण माझ्या बांगड्या कुठे गेल्या?”

तेव्हा मला आठवले की गाताना तिचा उजवा हात सारखा फिरत होता. समोर जाते नव्हते, तरी खुंटा धरल्यासारखा, एकाच लयीत. त्या उभ्या रेषा म्हणजे प्रत्येक फेऱ्याला वाजणाऱ्या तिच्या बांगड्या होत्या, आणि तानपुऱ्यावर अधांतरी वाटणाऱ्या त्या ओव्यांना ताल होता तो तेवढाच.

मूळ प्रत डिस्कवर सुरक्षित होती आणि लांबी सॅम्पलपर्यंत जुळत होती, म्हणून बांगड्यांचा आवाज परत आणणे सोपे गेले. मूळ आणि साफ केलेली फाइल एकाखाली एक ठेवली, शिट्टीचे क्षण तेवढे साफ केलेल्या फाइलमधून घेतले आणि बाकी सगळीकडे मूळ आवाजावर फक्त घरघर कमी करण्याची हलकी प्रक्रिया केली. सातव्या ओवीत शिट्टी आहे तिथे बांगड्यांचे दोन फेरेही तिच्यात बुडाले होते. ते आजूबाजूच्या फेऱ्यांवरून उसने आणण्याचा विचार केला आणि सोडून दिला. तिथे दोन फेऱ्यांची जागा रिकामी आहे, मग तिसऱ्याला बांगड्या पुन्हा वाजतात.