थॉर्पचं कार्ड : चौथा खर्डा

कोफ घरी पोचला! (जुने बेसबॉल सामने फासे आणि कार्डांवर पुन्हा खेळायचा खेळ मी बनवतोय; कोफ हा सिनसिनाटीचा खेळाडू, आणि घर म्हणजे होम प्लेट, जिथे पोचलं की धाव मिळते.) तीन रविवार डोकं फोडल्यावर २ मे १९१७ ची दहावी इनिंग एकदाची माझ्या फाशांवर जमली.

जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूचं कार्ड मी सरळ त्याच्या बेसबॉल कारकिर्दीवरून केलं होतं, आठवत असेल. ६९८ अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी), १७६ हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), म्हणजे सरासरी .२५२. फाशांवर पडणाऱ्या शंभर आकड्यांतली ०० ते २४ ही घरं हिटची. कागदावर बिनचूक, खेळायला बसलं की रद्दी. त्या सामन्यात सिनसिनाटीचा टोनी आणि शिकागोचा व्हॉन, दोन्ही पिचरांनी (चेंडू फेकणाऱ्यांनी) नऊ इनिंग एकही हिट दिला नव्हता. दहावीत सिनसिनाटीकडून खेळणाऱ्या थॉर्पनं जे केलं तो काही टोला नव्हे; चेंडू बॅटला लागून जेमतेम पुढे घरंगळला. थॉर्पला पहिल्या बेसवर गाठणं कठीण, म्हणून व्हॉननं चेंडू होम प्लेटकडे फेकला आणि तरी कोफ सुटला. १-०. माझ्या कार्डावर मात्र एक तर खणखणीत सिंगल (एका बेसचा हिट), नाहीतर आउट.

आधी हिटची घरं वाढवली, तर सरासरी फुगली. मग संशय फाशावर. ऑनलाइन मागवलेला दहा बाजूंचा फासा तोल तपासायला मिठाच्या पाण्यात सोडला, तर पठ्ठ्या दर वेळी ७ वर करून तरंगतो! पारदर्शक फासेच घ्या, आतला बुडबुडा निदान दिसतो.

शेवटी घरं पंचवीसच ठेवली, त्यातली चार ‘घरंगळ’ केली. ती पडली की पिचरचा फासा विरुद्ध थॉर्पची ‘पळ’, म्हणजे धावण्याचे गुण. पळ ९. अकराव्या फेकीला कोफ आत. एकटाच ओरडलो.

आता फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. १९१५ पासून हाच गडी कँटन बुलडॉग्ज या संघाकडून मॅचला २५० डॉलर घेऊन खेळत होता, पण अधिकृत आकडेवारी सुरू झाली १९३२ ला. म्हणजे वर्णनांवरच भागवायचं. नोव्हेंबर १९१५ ला मॅसिलनच्या संघाला ६-० हरवलं ते त्याच्या दोन फील्ड गोलांवर (लाथेनं खांबांमधून मारलेला चेंडू, तीन गुण), तेव्हा ‘लाथ’ही ९.

हे लिहिता लिहिता सुचलं: फुटबॉलचं वेगळं कार्ड कशाला? एकाच कार्डाच्या दोन बाजू, पळ दोन्हीकडे तीच! अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या आयव्हरी कार्डाचे चाळीस तुकडे मात्र कालच एका बाजूनं छापून, लॅमिनेट करून बसलोय.

आणि १९१९ ला ब्रेव्हज या बेसबॉल संघाकडून खेळलेला थॉर्प? ६० सामने, सरासरी .३२७. त्याला या पंचवीस घरांत कोंबणं अन्याय आहे. उद्या परत चौकात.