पत्र्याला धाव घ्यायला दीड मिलिमीटर

एम.टेक.चं दुसरं वर्ष मी १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तांब्यावर आपटण्यात घालवलं. हे दोन धातू वितळवून जोडले तर मध्ये ठिसूळ संयुगांचा थर धरतो आणि जोड तडकतो. म्हणून मॅग्नेटिक पल्स वेल्डिंग. कपॅसिटर बँक, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांचा संच, चार्ज करायची आणि सगळा करंट काही मायक्रोसेकंदांत चपट्या कॉइलमधून सोडायचा. ॲल्युमिनियममध्ये उलटा करंट उठतो, चुंबकीय दाब पत्र्याला फेकतो आणि तो सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने तांब्यावर आदळतो.

पहिला महिनाभर जोड बसलाच नाही. ठो आवाज व्हायचा, क्लॅम्प सोडला की हातात दोन सुटे पत्रे. मी व्होल्टेज वाढवत गेलो. एक दिवस कॉइलचं इन्सुलेशनच जळालं, तीन आठवडे वाया गेले. नवी कॉइल बसवताना लॅबमधले काका म्हणाले, "अरे, त्याला धाव घ्यायला जागा कुठे ठेवलीस?" दोन पत्र्यांत अंतर होतं अर्धा मिलिमीटर. मी बेकेलाइटचे दीड मिलिमीटरचे स्पेसर कापले, पत्रे ॲसिटोनने पुसले आणि शॉट घेतला. पत्रा चिकटला!

छिन्नीने सोलून पाहिला, तर तांब्यावर ॲल्युमिनियमच्या दोन चंदेरी रेघा आणि मधली पट्टी कोरी. जिथे पत्रा सगळ्यात आधी आणि सरळ आदळतो, तिथेच जोड नाही! मला हे पटायला बरेच दिवस लागले. सरळ आदळलेला भाग उसळून मागे येतो. तिथून टक्कर दोन्ही बाजूंना पसरते, तसा पत्रा तिरका होत जातो. कोन पुरेसा झाला की दोन्ही पृष्ठभागांवरचा ऑक्साइडचा थर फवाऱ्यासारखा पुढे उडतो आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. आणखी पुढे वेग ओसरतो, रेघ संपते. कमी अंतरात पत्र्याला ना वेग मिळत होता, ना कोन.

एक नमुना कापून पॉलिश केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. सरळ सांधा दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसल्या लाटा! तांब्याची लालसर कड एकामागून एक उठून ॲल्युमिनियममध्ये वळलेली, वाळूवर ओहोटीनंतर राहतात तशी. घन धातू क्षणभर पाण्यासारखा वाहिला होता. त्या दिवशी मी जेवायलाही उठलो नाही.

पुढचे सगळे शॉट दीड मिलिमीटरवर घेतले. ओढून तोडायच्या चाचणीत जोड टिकला, शेजारचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाटला.